बिल द्यायचं, पण कोणत्या नावाने?

या वेळी आलेल्या पत्रांत एकच अडचण वेगवेगळ्या गावांतून आली आहे. काम दोन-चार महिन्यांचं मिळतंय, पण समोरचा म्हणतो, ‘कंपनीच्या नावाने बिल द्या.’ आमचं मत आधीच सांगतो: यातल्या बहुतेकांना कंपनी नको, नीट कागदपत्रं असलेली प्रोप्रायटरी (एकाच मालकाची) फर्म पुरते. आयकराच्या कलमांचे आकडे १९६१ च्या कायद्यातले दिले आहेत, कारण सीएच्या ऑफिसात आणि कारखान्यांच्या खरेदी विभागात तेच बोलले जातात. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात हे क्रमांक बदलले आहेत.

प्रश्न : मी पाइप फिटर-वेल्डर. लोटे-परशुराम एमआयडीसीतल्या एका कारखान्यात शटडाऊनचं (कारखाना थांबवून करायच्या दुरुस्तीचं) काम मुकादमाच्या हाताखाली करायचो. यंदा कारखाना थेट मला ४० दिवसांचं काम देतोय, सहा माणसं घेऊन. खरेदी विभाग म्हणतो, कंपनी काढा आणि जीएसटीचं बिल द्या. प्रायव्हेट लिमिटेडच काढावी लागेल का? — एक वाचक, खेड

नाही. खरेदी विभाग ‘कंपनी’ म्हणतो तेव्हा त्याला फक्त व्हेंडर कोड (पुरवठादारांच्या यादीतला तुमचा क्रमांक) उघडायचा असतो. त्यासाठी पॅन, जीएसटी क्रमांक, रद्द केलेला चेक आणि उद्यम (लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचं) प्रमाणपत्र लागतं. हे सगळं तुमच्या स्वतःच्या पॅनवर, फर्मला एक नाव देऊन होतं.

क्रम मात्र पाळा, कारण एका कागदावर दुसरा अडतो. आधी उद्यम नोंदणी करा. आधारशी जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो, पॅन लागतो, फी एक रुपयाही नाही. पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नव्हे. सरकारी पत्ता ‘गव्ह डॉट इन’ने संपतो. अर्जात व्यवसायाचा प्रकार ‘सेवा’ निवडा. चुकून ‘व्यापार’ निवडला, तर उशिरा पैसे देणाऱ्यावरचं तुमचं मोठं हत्यार बोथट होतं (मालवणच्या वाचकाचं उत्तर पाहा). मग दुकाने व आस्थापना कायद्याखाली कामगार खात्याला ऑनलाइन सूचना द्या. सहा कामगारांच्या फर्मला परवाना लागत नाही, सूचनेची पोच पुरते. ही पोच आणि उद्यम प्रमाणपत्र असे दोन पुरावे झाले की बँक फर्मच्या नावाने चालू खातं उघडते. जीएसटीचा अर्ज यासोबतच टाका. त्यालाही सरकारी फी नाही. नोंदणी मिळाल्यापासून ३० दिवसांत खात्याचा तपशील पोर्टलवर भरावा लागतो. व्यवसाय कराची नोंदणीही विसरू नका, हा कर वर्षाला २,५०० रुपये, ३० जूनच्या आत.

सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर कायद्याने जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. पण कारखान्याला क्रेडिट (तुमच्या बिलावरचा जीएसटी आपल्या करातून वजा करायची सोय) हवं असतं, म्हणून तो आग्रह धरतो. तुम्ही आपणहून नोंदणी घेऊ शकता, मात्र एकदा घेतली की काम नसलेल्या काळातही शून्य रिटर्न भरावंच लागतं. उशीर झाला तर शून्य रिटर्नलाही दिवसाला २० रुपये विलंब शुल्क चढतं. शटडाऊननंतर वर्षभर काम नसणार असेल तर आरईजी-१६ अर्ज करून नोंदणी रद्द करा आणि तीन महिन्यांत शेवटचं रिटर्न, जीएसटीआर-१०, भरा. हे शेवटचं रिटर्न राहून गेल्याच्या नोटिसा फार जणांना येतात.

आता पैशाचा हिशेब. समजा मजुरीचं काम ४,००,००० चं ठरलं. त्यावर १८ टक्के, म्हणजे ९ टक्के सीजीएसटी (केंद्राचा) आणि ९ टक्के एसजीएसटी (राज्याचा), ७२,०००. बिल ४,७२,००० चं झालं. कलम १९४-सी खाली वैयक्तिक कंत्राटदाराचा टीडीएस १ टक्का. जीएसटी बिलात वेगळा दाखवला असेल तर टीडीएस फक्त ४,००,००० वर, म्हणजे ४,०००. कामाच्या हमीसाठी ५ टक्के रोखून ठेवायचं ठरलं असेल तर आणखी २०,००० अडकले. हातात ४,४८,००० येतील, आणि त्यातले ७२,००० तुमचे नाहीत, ते सरकारचे आहेत. रॉड, गॅस, ग्राइंडिंग व्हील यांच्या खरेदीवर भरलेला जीएसटी त्यातून वजा होतो, पण ती बिलं तुमच्या जीएसटी क्रमांकावर असतील आणि दुकानदाराने रिटर्न भरून ती पोर्टलवर तुमच्या खरेदीच्या यादीत (२-बी) दिसत असतील तरच.

खरा फास तारखेचा आहे. बिल २८ तारखेला काढलं तर मासिक रिटर्न भरणाऱ्याला पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत कर भरावा लागतो. कारखान्याचे पैसे मात्र ४५ दिवसांनी येतात. सेवेचं बिल काम पूर्ण झाल्यापासून ३० दिवसांत काढायची मुभा आहे. म्हणून काम संपलं की आधी इंजिनीअरची सही असलेली मोजमापाची शीट आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला घ्या आणि मग बिल काढा. त्यानंतर काम नाकारायला जागा राहत नाही आणि कर भरायलाही थोडी सवड मिळते. उलट, उचल घेतलीत तर तिच्यावरचा जीएसटी उचल मिळाली त्या महिन्यातच लागू होतो.

बिलावर सोळा अक्षरांपर्यंतचा क्रमांक हवा, आर्थिक वर्षात न तुटणारा. दोन्ही बाजूंचे जीएसटी क्रमांक, वर्क ऑर्डर क्रमांक आणि देखभाल-दुरुस्तीचा एसएसी (सेवेचा कोड) ९९८७ लिहा. ऑर्डर क्रमांक नसलेलं बिल लेखा विभागात बाजूला पडून राहतं आणि कोणी कळवतही नाही.

राहिली माणसं. सहा जणांना पीएफ (२० पासून) किंवा ईएसआय (१० पासून) सक्तीचा नाही, पण गेटपाससाठी कारखाने तो मागतातच. निदान कामगार नुकसानभरपाईचा विमा काम सुरू व्हायच्या आदल्या दिवशी हातात असू द्या. टाकीत उतरणाऱ्या माणसाच्या बाबतीत ही टाळायची गोष्ट नाही. पीएफ घ्यावा लागलाच तर मालकाचा साधारण १३ टक्के भार दरातच धरा, आणि काम नसलेल्या महिन्यांतही ७५ रुपये प्रशासन शुल्क लागतं हे लक्षात ठेवा.

आयकरात ४४-एडी (छोट्या धंद्याला ठरावीक टक्के नफा धरायची सोय) खाली बँकेतून आलेल्या रकमेच्या किमान ६ टक्के नफा दाखवता येतो, रोखीवर ८ टक्के. नफा प्रत्यक्षात जास्त झाला असेल तर जास्तच दाखवायचा. ६ टक्के हा किमान आकडा आहे, ती सवलत नव्हे.

प्रश्न : आम्ही दोघे इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनीअर. थळ परिसरात आठ महिन्यांचं कमिशनिंगचं (नवी यंत्रणा चालू करून देण्याचं) काम मिळतंय. प्रायव्हेट लिमिटेड काढली तर मान मिळतो, असं सगळे सांगतात. काढावी का? — दोन मित्र, अलिबाग

हे आठ महिने संपल्यावर पुढचं काम दिसतंय का, यावर उत्तर ठरेल. कंपनी काढणं सोपं आहे. स्पाइस प्लस या एकाच ऑनलाइन अर्जात नाव, पॅन, टॅन, बँक खातं सगळं एकत्र होतं, आणि १५ लाखांपर्यंतच्या अधिकृत भांडवलाला केंद्राच्या कंपनी मंत्रालयाची नोंदणी फी नाही. मुद्रांक शुल्क, डिजिटल सही आणि सीएची फी एवढाच खर्च येतो. अडचण सुरू होते त्यानंतर.

पहिली चूक हमखास होते. स्थापनेपासून १८० दिवसांत, भागभांडवलाचे पैसे खात्यात भरल्याचं दाखवून, आयएनसी-२०ए (धंदा सुरू करण्याचं घोषणापत्र) भरावा लागतो. तो भरेपर्यंत कंपनीला धंदा सुरू करता येत नाही. लोक आधी बिलं काढतात आणि फॉर्म विसरतात. कंपनीला ५०,००० दंड, संचालकांना दिवसाला १,००० प्रमाणे एक लाखापर्यंत.

मग दरवर्षीचं. उलाढाल शून्य असली तरी ऑडिट सक्तीचं. एओसी-४ (हिशेबपत्रकं) आणि एमजीटी-७ए (वार्षिक विवरण) हे दोन फॉर्म चुकले तर प्रत्येकाला दिवसाला १०० रुपये. वर्षभर विसरलात तर ७३,००० रुपये फक्त विलंबाचे. सलग तीन वर्षं भरले नाहीत तर दोघेही पाच वर्षं कुठल्याच कंपनीत संचालक होऊ शकत नाही.

आणि काम संपल्यावर कंपनी लगेच बंद होत नाही. धंदा सुरू केलेल्या कंपनीचं नाव रजिस्टरमधून काढायला साधारणपणे मागची दोन आर्थिक वर्षं धंदा झालेला नसावा लागतो, रिटर्नं पूर्ण असावी लागतात, देणी फिटलेली असावी लागतात, आणि एसटीके-२ अर्जाची फी १०,००० आहे. म्हणजे आठ महिन्यांच्या कामासाठी दोन-तीन वर्षं ऑडिट सांभाळायचं. करही पाहा. कलम ११५-बीएए (कंपन्यांसाठीचा कमी दराचा पर्याय) निवडल्यास अधिभार-उपकरासह २५.१६८ टक्के कर कंपनी भरते. त्यानंतर उरलेला पैसा लाभांश म्हणून घरी नेताना तुमच्यावर पुन्हा कर लागतो.

म्हणून दोघांसाठी भागीदारी किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) बघा. कमिशनिंगमध्ये चुकून मोठं नुकसान झालं तर आपलं घर-जमीन वाचावी अशी इच्छा असेल तर एलएलपी. तिला फॉर्म ११ (वार्षिक विवरण) दरवर्षी ३० मेपर्यंत आणि फॉर्म ८ (हिशेब) ३० ऑक्टोबरपर्यंत भरावा लागतो. ऑडिट फक्त उलाढाल ४० लाखांवर किंवा भांडवल २५ लाखांवर गेलं तर. कर ३० टक्के अधिक उपकर, पण नफ्याचा वाटा भागीदाराच्या हातात करमुक्त. वर्षभर काम नसेल तर बंद करता येते. मात्र एलएलपीला ४४-एडी किंवा ४४-एडीए (व्यावसायिकांसाठीची तशीच सोय) मिळत नाही. भागीदारी फर्मला मिळतं. भागीदारी केलीत तर करारपत्र निबंधकाकडे नोंदवाच. नोंदणी नसलेली फर्म कराराच्या पैशांसाठी कोर्टात दावा करू शकत नाही.

पुढची तीन वर्षं अशी कामं मिळणार असतील, किंवा समोरचा फक्त लिमिटेड कंपनीलाच ऑर्डर देतो असं लेखी सांगत असेल, तर खुशाल कंपनी काढा. मानासाठी मात्र नको.

प्रश्न : घराचं लाइट बिल अजून आजोबांच्या नावावर आहे, आजोबा २००६ साली वारले. जीएसटीच्या अर्जावर त्रुटी निघाली. आम्ही राहतो मुंबईत, घर गुहागरला. काय करावं? — एक वाचक

कोकणातल्या वडिलोपार्जित घरांचं हे नेहमीचं दुखणं आहे. जागेच्या मालकीला लाइट बिलच हवं असं नाही. घरपट्टीची चालू पावती किंवा ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा यांपैकी एकही चालतो, पण त्यावर हयात माणसाचं नाव हवं. तिथेही आजोबाच असतील तर आधी ग्रामपंचायतीत वारस नोंदीचा अर्ज करा. उताऱ्यावर वडील आणि काका आले की त्यांचं संमतीपत्र जोडा. सगळ्यांच्या सह्या घ्या, एकाची राहिली तर पुढे तीच वादाचं कारण होते. महावितरणकडे नावबदल समांतर सुरू ठेवा. कंपनी काढणार असाल तर वीजबिल दोन महिन्यांहून जुनं चालत नाही, हेही बघा.

त्रुटीची नोटीस (आरईजी-०३) आल्यापासून कामकाजाच्या सात दिवसांत उत्तर द्यायचं असतं. दिलं नाही तर अर्ज फेटाळला जातो. पत्त्यात घर क्रमांक, वाडी आणि पिनकोड आधार, उतारा आणि अर्ज या तिन्हींत सारखे ठेवा. एकीकडे ‘खालची वाडी’ आणि दुसरीकडे फक्त गावाचं नाव, एवढ्यावरून अर्ज परत येतो.

पण तुम्ही मुंबईत राहता म्हणून एक स्पष्ट सांगतो. घर शिमगा-गणपतीलाच उघडत असेल तर तो पत्ता देऊ नका. अधिकारी तपासणीला आला, कुलूप दिसलं, जीएसटी क्रमांकाचा फलक नाही, की नोंदणी रद्द होऊ शकते. काम जिथून चालतं तो पत्ता द्या. भाड्याची जागा असेल तर नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार लावा.

प्रश्न : मी देवगडला हापूसच्या बागांत फवारणी आणि तोडणीची कंत्राटं घेतो, आणि मासेमारी बंदीच्या दिवसांत बोटींच्या इंजिनांची दुरुस्ती करतो. दोन्ही मिळून २० लाखांच्या वर गेलंय. जीएसटी लागेल? — एक बागकामगार-मेकॅनिक

लागेल, आणि फवारणीमुळे नव्हे, इंजिनामुळे. पीक उत्पादनाशी थेट संबंधित सेवा, म्हणजे मशागत, फवारणी, तोडणी, शेतमजूर पुरवणं, जीएसटीतून माफ आहेत. फक्त तेवढंच करणाऱ्याची उलाढाल ५० लाख झाली तरी नोंदणी नको. पण एक जरी करपात्र काम जोडलंत तर मर्यादा मोजताना माफ उलाढालही धरली जाते. बागांचे १७ लाख आणि इंजिनांचे ४ लाख म्हणजे २१ लाख, नोंदणी सक्तीची. कर मात्र फक्त इंजिनांच्या ४ लाखांवर.

तोही १८ टक्के नाही. जहाजं, बोटी आणि त्यांच्या इंजिनांच्या देखभाल-दुरुस्तीचा दर जून २०२१ पासून ५ टक्के आहे. बिलात ‘मशीन दुरुस्ती’ असं मोघम लिहिलं की विनाकारण १८ टक्के लागतो. बोटीचं नाव, नोंदणी क्रमांक आणि इंजिनाचा मेक लिहा. बागेच्या बिलावर कर लावायचा नाही, ते ‘बिल ऑफ सप्लाय’ म्हणून काढा.

प्रश्न : सावंतवाडीहून उत्तर गोव्यातल्या हॉटेलांचे एसी दुरुस्त करतो, तीन महिन्यांचे करार. राज्य बदललं की पहिल्या रुपयापासून जीएसटी, असं ऐकतो. — एक एसी मेकॅनिक

सेवेसाठी तसं नाही. आंतरराज्य सेवेलाही २० लाखांची सूट २०१७ पासून आहे. माल मात्र वेगळा. कॉम्प्रेसर, कॉपर पाइप वेगळ्या किमतीने बिलात लावून गोव्यात बसवलेत तर ती मालाची आंतरराज्य विक्री धरली जाऊ शकते, आणि तिथे पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते. नोंदणी नको असेल तर मोठे भाग हॉटेलनेच म्हापशाच्या दुकानातून घ्यावेत, तुम्ही फक्त मजुरीचं बिल द्या. नोंदणी असेल तर गोव्याच्या ग्राहकाला आयजीएसटी (आंतरराज्य व्यवहाराचा जीएसटी) १८ टक्के. सीजीएसटी-एसजीएसटी लावलात तर चुकीच्या खात्यात भरलेला कर परत मागून पुन्हा भरावा लागतो. तिथे कायमचं गोदाम किंवा माणसं ठेवलीत तर गोव्याची वेगळी नोंदणी घ्यावी लागेल.

प्रश्न : कुडाळला घरून परदेशी ग्राहकासाठी सहा महिन्यांचं सॉफ्टवेअरचं काम करते. कंपनी काढू का? — एक वाचक

नको. तुमच्या पॅनवरच काम करा. ४४-एडीए खाली ७५ लाखांपर्यंत (रोख ५ टक्क्यांहून जास्त नसेल तर) निम्मी रक्कम नफा धरता येते, आणि अग्रिम कर १५ मार्चपर्यंत एकाच हप्त्यात भरता येतो. २० लाखांच्या वर गेलात तर जीएसटी घ्या आणि दर आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला एलयूटी (निर्यातदाराचं हमीपत्र) भरा, म्हणजे निर्यातीवर कर न लावता बिल देता येतं. एप्रिलमध्ये एलयूटी नव्याने भरायचा राहिला की त्यानंतरची बिलं अडचणीत येतात. प्रत्येक रकमेचं बँकेचं परकीय चलन आल्याचं प्रमाणपत्र बिलासोबत जपून ठेवा.

प्रश्न : मुलाला चिपळूणच्या नोकरीत सांगितलंय, पगार बंद, यापुढे बिल द्या. काम, वेळ, साहेब सगळं तेच. — एक वडील

काम तेच, वेळ तीच, हजेरी तीच असेल तर कागदावर काहीही लिहिलं तरी ती नोकरीच आहे. लगेच सही करू नये. करायचीच ठरली तर हिशेब मांडून दर मागा: मूळ पगारावर मालकाचा पीएफ सुमारे १३ टक्के, ग्रॅच्युइटी ४.८१ टक्के, भरपगारी रजा, अपघात-आरोग्य विमा. यात पाव पगार सहज जातो. करारात नोटीसीचा काळ आणि बिल मिळाल्यापासून पैसे देण्याची मुदत आकड्यात लिहून घ्या. आधीच्या नोकरीची पाच वर्षं भरत आली असतील तर ग्रॅच्युइटीची तारीख बघूनच बोला.

प्रश्न : एका रिसॉर्टचं वायरिंगचं काम केलं. चार महिने झाले, पैसे नाहीत. करार नाही, फक्त बिल दिलंय. उद्यम नोंदणी आहे. — एक इलेक्ट्रिशियन, मालवण

तुमची बाजू वाटते त्यापेक्षा मजबूत आहे. सूक्ष्म-लघु उद्योग कायदा, २००६ नुसार लेखी करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, करार असेल तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, महिन्याला चक्रवाढ. सेवेबद्दल १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर काम स्वीकारलं असं कायदा धरतो. आणि आयकराच्या ४३-बी(एच) प्रमाणे मुदतीत पैसे दिले नाहीत तर देणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजावटीला मिळत नाही. म्हणून फेब्रुवारीत त्यांच्या सीएच्या नावे पाठवलेलं पत्र मालकाला केलेल्या दहा फोनांपेक्षा जास्त काम करतं.

आधी स्पीड पोस्टाने आणि ईमेलने मागणीपत्र पाठवा: बिल क्रमांक, तारीख, मुद्दल, व्याज, उद्यम क्रमांक. नाही दिलं तर केंद्राच्या सूक्ष्म-लघु उद्योग मंत्रालयाच्या पोर्टलवर अर्ज करा. तो थकबाकीचे असे वाद सोडवणाऱ्या सरकारी सुविधा परिषदेकडे जातो, आधी समेट, मग लवाद. निवाड्याला रिसॉर्टने आव्हान द्यायचं म्हटलं तर त्याला आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते.

दोन गोष्टी तपासा. उद्यम नोंदणीची तारीख काम सुरू होण्याआधीची हवी, नंतरची असेल तर हा हक्क डळमळतो. दुसरं, वायर, स्विच, बोर्ड सगळं धरून एकठोक कंत्राट असेल तर तो ‘वर्क्स कॉन्ट्रॅक्ट’ ठरतो, आणि अशा कंत्राटाला हा कायदा लागू नाही असे निकाल मुंबई उच्च न्यायालयाने दिले आहेत. साहित्य रिसॉर्टने दिलं आणि तुम्ही फक्त मजुरी केली असेल, तर मागणीपत्रात पहिल्याच वाक्यात तसं लिहा आणि साहित्याच्या त्यांच्या खरेदीच्या पावत्यांची नक्कल जोडा.